कतारगाम : लहान पावले आणि लांबची शाळा

सुरत शहराच्या उत्तरेस, तापी नदीच्या डाव्या तीरावर कतारगाम वसलेले आहे. वसलेले होते असे म्हणणे अधिक बरोबर ठरेल, कारण ज्या कतारगामचे नाव सुरतेच्या घराघरांत आजही जिभेवर आहे, ते गाव आता शोधून सापडत नाही. तेथील वालपापडीची कीर्ती मोठी. हिवाळ्यात सुरती मंडळी उंधियुं करावयास बसली म्हणजे त्यात कतारगामचीच पापडी हवी असा आग्रह धरतात, आणि भाजीवालेही तेच नाव पुकारून आपला माल खपवितात. परंतु ज्या शेतांत ती पिकत असे त्यांवर आता हिऱ्यांचे कारखाने, कापडाचे माग आणि पाच-पाच मजल्यांच्या चाळी उभ्या राहिल्या आहेत. आमच्या वसईत पापडी नावाचे गाव आहे आणि ते जागच्या जागी आहे. येथे पापडीचे गाव गेले आणि नाव तेवढे राहिले. बागाईत करणाऱ्या आमच्या वाचकांस हे ऐकून थोडे चुकल्यासारखे वाटेल.

वसई रोडहून सुरत सुमारे २१५ किलोमीटर. घोलवड आणि बोर्डी रोड मागे पडले की स्टेशनांच्या पाट्यांवरील मराठी अक्षरे नाहीशी होतात आणि उंबरगावपासून गुजराती लागते. १ मे १९६० पूर्वी ही सीमा नव्हती. मुंबई राज्य एकच होते. पुढे उधना येते. येथून तापीकाठची लोहमार्गाची शाखा नंदुरबार, अमळनेर, जळगावकडे फुटते, आणि ह्याच मार्गाने गेल्या दोन-तीन पिढ्यांत खानदेशातील हजारो माणसे पोटासाठी सुरतेस आली. लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा ह्या भागांत हिंडताना कानांवर अहिराणी पडते तेव्हा आपण गुजरातेत आहो की धुळ्याच्या बाजारात असा संभ्रम पडतो.

सुरतेचे नाव निघाले की शिवाजी महाराजांची स्वारी आठवते. त्या १६६४ सालच्या धामधुमीत कापुचिन धर्मगुरूंच्या मठास महाराजांनी धक्का लावू दिला नाही, हे फ्रेंच प्रवासी बर्नियर ह्याने लिहून ठेविले आहे. फादर आम्ब्रोज हे त्या मठाचे प्रमुख होते. ही गोष्ट आमच्या मुलांस शाळेत क्वचितच सांगितली जाते, म्हणून येथे नोंदली. असो.

१९६१ च्या जनगणनेत सुरतेची लोकसंख्या सुमारे २ लाख ८८ हजार होती. २०११ मध्ये ती ४४ लाखांच्या पुढे गेली. एवढी माणसे कोठून आली हे पाहावयाचे असेल तर कतारगामात सकाळी एक फेरी मारावी. अमरेली आणि भावनगरकडील काठेवाडी कुटुंबे हिऱ्यांच्या 'घंटी'वर बसतात. त्यांस येथे 'रत्नकलाकार' म्हणतात. ओडिशाच्या गंजाम जिल्ह्यातील तरुण मागांवर आहेत. खानदेशातील माणसे भरतकामाच्या यंत्रांवर आहेत. औद्योगिक वसाहतीच्या एका यंत्रशाळेत आमच्या वसईकडील एक गृहस्थ काम करतात. पत्नी, वृद्ध आई आणि एक लहान कन्या असा त्यांचा संसार आहे. त्यांच्याकडे आम्ही चार दिवस राहिलो, आणि ह्या लेखाचा विषय त्यांच्याच घरी निघाला.

विषय साधा होता. कन्या सहावे पुरे करणार. जूनमध्ये पहिलीत घालावयाचे. कोठे? शहराच्या दुसऱ्या टोकाला धर्मभगिनींची नावाजलेली इंग्रजी शाळा आहे. बालवर्गापासून मुलगी तेथेच जाते. घरापासून अंतर आठ-नऊ किलोमीटर. गल्लीच्या तोंडाशी महानगरपालिकेची गुजराती प्राथमिक शाळा आहे. अंतर सहाशे-सातशे पावले. यजमानांचे मन डळमळीत झाले होते. वहिनींचे झाले नव्हते. "आपल्या सिस्टरांची शाळा टाकून मुलीला कुठे घालायची?" असे त्या विचारीत. आजीबाई दोघांच्याही बाजूच्या नव्हत्या. त्यांचे दुःख निराळेच होते, ते पुढे सांगू.

पहिल्या दिवशी आम्ही लांबच्या शाळेचा रस्ता पाहिला. मुलगी साडेपाचला उठली. उठली म्हणण्यापेक्षा उठविली. दूध अर्धे प्याली, अर्धे तसेच राहिले. सव्वासहाला खाली रिक्षा येऊन उभी राहिली. शाळेच्या मुलांची ने-आण करणाऱ्या अशा गाडीस गुजरातेत 'वर्दी' म्हणतात. तिच्यात आधीच मुले होती आणि दप्तरे बाहेरच्या बाजूस आकड्यांस लटकत होती. रिक्षात किती मुले बसवावीत ह्याचे नियम आहेत. ते नियम त्या सकाळी आम्हांस काही दिसले नाहीत. यजमानांच्या दुचाकीवर बसून आम्ही तिच्या मागोमाग गेलो. रस्ता सरळ असता तर पंचवीस मिनिटांत संपला असता. पण वर्दी चार ठिकाणी वळते, चार घरांसमोर थांबते, आणि जी मुलगी सर्वांत आधी चढली तिचा प्रवास सर्वांत लांबतो. पन्नास मिनिटे लागली. एका चौकात रिक्षा थांबली असता आम्ही आत डोकावलो. आमच्या यजमानांची कन्या शेजारच्या मुलाच्या खांद्यावर मान टाकून झोपली होती, आणि तो मुलगाही झोपला होता.

परतताना पुन्हा तेवढाच वेळ. दुपारी दीडला ती घरी आली ती जेवता जेवता डुलक्या घेऊ लागली. वर्षाचे दोनशे दिवस धरले तरी रोजच्या शंभर मिनिटांप्रमाणे ही सहा वर्षांची पोर तीनशेहून अधिक तास रिक्षात काढते. त्या तासांत ती काय शिकते? गाणे नाही, खेळ नाही, निजणेही धड नाही. फीच्या पावतीवर हा खर्च कोणी लिहीत नाही.

कतारगामात आणखी एक गोष्ट आहे, ती नदीची. सिंगणपोर येथे तापीवर बंधारा आहे आणि त्याच्यावरून पलीकडच्या रांदेरला जाणारा रस्ता आहे. पावसाळ्यात पाणी ठराविक उंचीवर चढले की तो रस्ता बंद करतात, आणि मग पलीकडे जाणाऱ्यांस दूरच्या पुलावरून वळसा घालावा लागतो. पलीकडच्या तीरावर शाळा घेतलेल्या मुलांचे अंतर जूनमध्ये एक असते आणि ऑगस्टमध्ये दुसरेच. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून पाणी सोडावे लागले आणि तापी शहरात शिरली, त्या दिवसांच्या गोष्टी येथील माणसे अजून सांगतात. मुलाची शाळा पाण्याच्या कोणत्या बाजूस आहे, हा विचार आमच्या खाडीकाठच्या गावांसही नवा नाही. जानेवारीत संक्रांतीच्या सुमारास पुलांवर पतंगाचा मांजा आडवा येतो, म्हणून दुचाकीवर मुलास पुढे बसविणारे बाप हात आडवा धरून गाडी हाकतात, हेही आम्ही येथेच ऐकले.

दुसऱ्या दिवशी जवळची वाट पाहिली. चाळीत खालच्या मजल्यावर नंदुरबारकडील एक कुटुंब राहते. त्यांचा मुलगा दुसरीत, महानगरपालिकेच्या शाळेत. सुरत महानगरपालिकेच्या शाळा गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू आणि इंग्रजी अशा माध्यमांतून चालतात, ही ह्या शहराची भूषणावह गोष्ट होय. परंतु मराठी शाळा साहजिकच जेथे मराठी वस्ती दाट तेथे अधिक, आणि ती वस्ती शहराच्या दक्षिणेस व आग्नेयेस आहे. म्हणून ह्या मुलास बापाने गल्लीतल्या गुजराती शाळेत घातले. आम्ही विचारले, "भाऊ, मराठी शाळेत घालावंसं वाटलं नाही?" तो म्हणाला, "वाटलं ना. पण लिंबायत पडतं केवढं लांब! मी पाळीवर, बायको साडीला टिकल्या लावते घरी. पोराला पोचवणार कोण?"

मुलाबरोबर आम्ही निघालो. नऊ मिनिटे लागली, आणि ती नऊही त्याने आम्हांस सोबत म्हणून नेले अशा ऐटीत घालविली. ह्या जिन्यावर हिऱ्याचे कारागीर चढतात, ह्या दुकानदाराकडे खोडरबर उधार मिळते, हा कुत्रा चावत नाही, तो चावतो, अशी माहिती तो अखंड देत होता. वाटेत दोघे-तिघे मित्र मिळाले. एक काठेवाडी, एक ओडिया. बोलणे गुजरातीत, मध्येच हिंदी. शाळेच्या दाराशी एका मुलाची आजी कट्ट्यावर बसून होती; तिला सर्व मुलांची नावे ठाऊक होती. मुलगा आजारी पडला तर निरोप घरी पोहोचावयास पाच मिनिटे पुरतात. बाईंना काही सांगावयाचे असले तर आई ओल्या हाताने जाऊन सांगून येते. शाळा जवळ असली म्हणजे आईबाप तिच्यात जातात. लांब असली म्हणजे फी तेवढी जाते.

ह्या शाळेचे आम्ही गोडवे गात नाही. वर्गात मुले दाटीने बसली होती, आणि इमारत दोन पाळ्यांत वापरली जात असल्यामुळे दुपारची मुले दाराबाहेर ताटकळत होती. वहिनींस तेथे नाक मुरडावेसे वाटले तर त्यांचे सर्वस्वी चुकले असे कोण म्हणेल? परंतु तुलना करावयाची ती संपूर्ण करावी. शाळेबरोबर तिची वाटही तराजूत घालावी, एवढेच आमचे म्हणणे.

कायदा ह्या बाबतीत स्पष्ट आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याखाली २०१० साली केंद्राने जे नियम केले त्यांत पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी घरापासून चालत एक किलोमीटरच्या आत शाळा असावी आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या आत, असे ठरविले आहे. त्याच नियमांत आणखी एक कलम आहे, त्याकडे फारसे कोणी पाहत नाही : पूर, दरडी, रस्त्यांचा अभाव किंवा लहान मुलांस वाटेत धोका असेल तेथे हे अंतर आणखी कमी करावे. म्हणजे अंतर केवळ फूटपट्टीने मोजावयाचे नसून वाटेतील भयानेही मोजावयाचे आहे. त्याआधी कोठारी आयोगाने १९६६ च्या आपल्या अहवालात एक मैलाची मर्यादा सुचविली होती आणि शेजारशाळेचा, म्हणजे एका वस्तीतील श्रीमंत-गरीब सर्व मुलांनी एकाच शाळेत जाण्याचा आग्रह धरला होता. ती शेजारशाळा आमच्या देशात रुजली नाही. का रुजली नाही हे वर्दीच्या रिक्षा सांगतील.

इंग्लंडात आठ वर्षांखालील मुलाची जवळात जवळची योग्य शाळा दोन मैलांपलीकडे असेल तर त्यास नेण्याआणण्याची तजवीज सरकारने करावयाची, असा दंडक आहे. तेथील थंड हवेत आणि पायवाटांवर दोन मैल कदाचित शोभत असतील. जर्मनीत 'पाय आखूड, तर वाट आखूड' अशा अर्थाचे एक वचनच शाळांच्या संदर्भात रूढ झाले आहे. आणि ज्या जपानात आमचे संत गोन्सालो गार्सिया ह्यांनी १५९७ साली क्रुसावर प्राण अर्पिले, तेथे आज पुष्कळ गावांत प्राथमिक शाळेची मुले घोळक्याने, मोठे पुढे आणि धाकटे मागे, पायी शाळेस जातात. आईबाप गाडी घेऊन दारात उभे नसतात. तेवढा सुरक्षित रस्ता कतारगामात नाही हे खरे, परंतु घोळका करावयास रस्ता रुंद लागत नाही.

कतारगामच्या काठेवाडी शेजाऱ्यांस आम्ही एक गोष्ट सांगितली, ती त्यांस ठाऊक नव्हती. त्यांच्या अमरेलीतच १८९३ साली बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, आणि १९०६ मध्ये तो कायदा सर्व संस्थानास लावला. सक्ती करावयाची तर शाळा मुलाच्या दारापर्यंत न्यावी लागते, हे त्या मराठी राजाने ओळखले होते. हिरा घासणारा एक वयस्क कारागीर हे ऐकून हसला आणि म्हणाला की आपल्या बापाने ती सक्ती चुकविली होती!

आता आपल्या ख्रिस्ती माणसांचा प्रश्न. वहिनींचा आक्षेप क्षुल्लक नव्हे. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ख्रिस्ती शिक्षणावर जे घोषणापत्र काढले त्यात मुलांचे पहिले व मुख्य शिक्षक आईबापच होत असे सांगून, जेथे आणि जेव्हा शक्य असेल तेथे मुलांस कॅथलिक शाळेत घालण्याचे कर्तव्यही त्यांस आठवून दिले आहे. 'शक्य असेल तेथे' ह्या शब्दांवर आम्ही यजमानांच्या ओटीवर बराच वेळ बोललो. सहा वर्षांच्या मुलीस रोज शंभर मिनिटे रिक्षात झोपवून जे साधते त्यास शक्य म्हणावे काय? १८८४ मध्ये बाल्टिमोर येथे अमेरिकेतील बिशपांनी प्रत्येक चर्चच्या शेजारी दोन वर्षांच्या आत शाळा बांधावी असा ठराव केला. त्यांनी 'शेजारी' म्हटले. आमच्या जुन्या फादरांनीही गावागावांत हेच केले; चर्चची घंटा ऐकू येते त्या टापूत शाळा, आणि मुले पाटी-दप्तर घेऊन पायी येत. कॅथलिक शाळेची जी कल्पना आमच्या मनात आहे ती मुळात जवळच्या शाळेची आहे. सुरतेसारख्या शहरात, जेथे आपली घरे विखुरलेली, तेथे ती कल्पना तशीच उचलून नेता येत नाही. आणि आता आमच्या गावांतही चर्चशेजारची शाळा सोडून पिवळ्या बसगाड्यांची वाट पाहणारी लहान मुले पहाटे नाक्यावर दिसू लागली आहेत, तेथे तर विखुरलेपणाचे निमित्तही नाही. ह्यावर अधिक लिहीत नाही. प्रत्येकाने आपापल्या नाक्यावर पाहावे.

आजीबाईंचे दुःख असे की, दोन्ही शाळांत नातीला मराठी मिळणार नाही. त्या हे साप्ताहिक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतात, वाचून झाले की जपमाळेच्या डब्याखाली घडी करून ठेवितात. "मी गेल्यावर हे कोण वाचील?" असे त्या म्हणाल्या. घटनेच्या ३५०-अ ह्या कलमाने, १९५६ पासून, अल्पसंख्य भाषिकांच्या मुलांस प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय करण्याचा भार राज्यांवर टाकला आहे. परंतु सर्व शहरात प्रत्येक गल्लीत सात भाषांच्या शाळा कोणतीही नगरपालिका उभारू शकणार नाही. येथे जवळीक आणि मातृभाषा ह्या दोन चांगल्या गोष्टी एकमेकींच्या आड येतात, आणि एक निवडली की दुसरीचे नुकसान सोसावे लागते. ते नुकसान नाही असे सांगणारे शहाणे आम्हांस पटत नाहीत.

तरी एक विचार मनात येतो. खालच्या मजल्यावरचा मुलगा घरी अहिराणी बोलतो, मराठी नव्हे. आमची कुपारी मुलेही पहिलीत गेली की पुस्तकातील मराठी नव्याने शिकतात. घरची बोली आणि शाळेची भाषा ह्यांत अंतर असतेच. ते मूल तुडविते, जर बरोबर खेळगडी असतील. आणि खेळगडी जवळच्या शाळेत मिळतात. गुजराती तर सख्खी बहीण; तिची लिपी म्हणजे डोक्यावरचा पदर काढलेली देवनागरीच, चार-दोन अक्षरे तेवढी वेगळी. जी मुलगी दुपारी बाराला घरी येईल आणि जागी असेल, तिला आजी संध्याकाळी मराठी शिकवू शकेल. दीडला येऊन पेंगणारीस काय शिकविणार?

खानदेशातील त्या बापाने जाता जाता गावाकडची बातमी सांगितली. महाराष्ट्र सरकारने २०२३ साली वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा विचार पुढे मांडला, तेव्हा नमुना म्हणून पुणे जिल्ह्यातील पानशेतबरोबर त्यांच्या नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळचे नाव घेतले गेले. मोठ्या शाळेत खोल्या, शिक्षक, खेळाचे सामान अधिक मिळेल हे खरेच. चार मुलांच्या वर्गात एकाच मास्तराने पाची इयत्ता सांभाळाव्यात हेही काही सुखाचे नाही. परंतु डोंगरातील पाड्यावरून सहा वर्षांचे मूल तेथवर जाणार कसे? बस पावसाळ्यात बंद पडली की मुलाचे शिक्षणही बंद. नाही तर वसतिगृह. सातपुड्यातील आणि दक्षिण गुजरातेतील कितीतरी आदिवासी मुलांनी आश्रमशाळांत आणि मिशनच्या बोर्डिंगांत राहून विद्या मिळविली, तिचे मोल आम्ही जाणतो. पण ती गरज होती, आणि सहाव्या वर्षी आईपासून तोडलेल्या मुलाने दिलेली किंमत कोणाच्या हिशेबात नाही. "गावची शाळा बंद झाली तर माणसं अजून सुरतला येतील," असे तो सहज बोलून गेला.

आम्ही यजमानांस मत दिले ते असे : चौथीपर्यंत गल्लीतील शाळा, रविवारी मिस्सेस जाताना धर्मशिक्षणाच्या वर्गास मुलीला नेमाने न्यावे, तेथे लांब जाणे आठवड्यातून एकदाच पडते, पाचवीत, पाय लांब झाल्यावर, सिस्टरांच्या शाळेचा पुन्हा विचार करावा. यजमानांनी मान डोलाविली. वहिनी गप्प होत्या. आमच्या निघण्याच्या आदल्या सकाळी मात्र त्या खालच्या मुलाबरोबर त्या शाळेच्या दारापर्यंत एकट्या जाऊन आल्या, आणि आल्यावर जन्मदाखला कोणत्या पेटीत आहे असे त्यांनी विचारले. गुजरातेत पहिलीसाठी १ जून रोजी सहा वर्षे पुरी लागतात. मुलीची मे महिन्यात होतात. "एक वर्ष पाहू," एवढेच त्या म्हणाल्या.

आजीबाईंनी आम्हांस पुढच्या खेपेस वसईहून मराठी अंकलिपी आणावयास सांगितली आहे. मोठ्या अक्षरांची हवी; नातीसाठी नव्हे, शिकविणारीच्या डोळ्यांसाठी.